टंकलेखनासाठी आभार

सिंधू बोरसेने कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, बरं का. माफ करणाऱ्यांचं कौतुक करायला कीर्तनकार आहेत, कॅलेंडरावरचे सुविचार आहेत. मी नव्वदच्या दशकात सात वर्षं सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिच्या शेजारच्या टेबलावर बसले. आम्ही दोघी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. ती उत्तम शिकवायची, मी बरं शिकवायचे. आणि झालेल्या अन्यायाचं उट्टं कसं काढावं, हे मी तिच्याकडून शिकले. आमच्या घरी ते शिकवणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे 'जाऊ दे' हाच कुळाचार होता.

दिसायला साधी. बुटकी, सावळी, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला भली थोरली कापडी पिशवी. पिशवीत पुस्तकं कमी आणि पुठ्ठे जास्त, साडीच्या खोक्यांचे. सोबत कात्री आणि लोखंडी फूटपट्टी. गुजराती मंडळी तिला बोरसेबेन म्हणायची, मराठी मंडळी बोरसेबाई. माणसं मूळची खानदेशची. वडील उधन्याला मिलमध्ये होते, ते लवकर गेले, आणि आईने साड्यांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात पुठ्ठा कापून हिला शिकवलं. नवागामच्या दोन खोल्यांत मायलेकी राहायच्या. शाळेचा सगळा अभ्यास हिने त्या कारखान्यात, कापलेल्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसून केला होता. हे ती मिरवायची नाही आणि लपवायचीही नाही. विचारलं तर सांगायची.

रिकाम्या जागेशी तिचं हाडवैर होतं. तिला ती 'मेली जागा' म्हणायची. ओळख होऊन आठवडा झाला नसेल, मी जेवायला डबा उघडला तर ही डोकावून म्हणते, "अगं, एवढी मेली जागा ठेवून डबा भरतेस? अजून एक पोळी बसली असती की." आणि माझ्या डब्यातली भाजी, कोशिंबीर, पोळ्या हिने चमच्याने सरकवून लावून दाखवल्या. खरंच एका पोळीची जागा झाली. मला राग आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या पद्धतीनेच डबा भरायला लागले, ते आजतागायत.

तिचा पहिला सूड मी पाहिला तो स्कूटरींचा. सिव्हिलच्या विभागात एक प्राध्यापक होते. ते रोज आपली स्कूटर हिच्या लुनाच्या पुढ्यात आडवी लावून निघून जायचे. हिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बेन, खसेडी लो ने!" म्हणजे सरकवून घ्या की! ही घामाघूम होऊन रोज ती जड स्कूटर सरकवायची. दुसरी असती तर हवा सोडून मोकळी झाली असती. सिंधूने पंधरा दिवस पार्किंगची जागा पावलांनी मोजली. कोण किती वाजता येतं, कोण कधी जातं, ते वहीत मांडलं. मग एके सकाळी लवकर येऊन पहारेकऱ्याला म्हणाली, "भाई, आज मी गाड्या लावायला मदत करते." सिव्हिलवाले आले तेव्हा कोपऱ्यातली सावलीची जागा मोकळी होती. हिने अदबीने तीच दाखवली. ते खूश. त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी हिने अशी लावून घेतली की बाकी सगळ्यांना आपापल्या वेळेला सरळ बाहेर पडता यावं, फक्त त्या एका स्कूटरला एकोणीस गाड्या हलवल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये. त्यांना त्या दिवशी मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चारला निघायचं होतं. ते सव्वासहाला निघाले. त्यांचा सदरा पिळून काढावा असा भिजला होता. सिंधू लुनावर बसून त्यांच्या शेजारून गेली आणि म्हणाली, "खसेडी लो ने, सर!"

मी हसून हसून बेजार. ती हसली नाही. म्हणाली, "सिव्हिलवाल्याला जागेचं कळायला हवं होतं."

जागेचं कळणं, हाच तिचा विषय होता. चिपच्या आत वेगवेगळ्या कामांचे लहानमोठे तुकडे असतात. एक गणितं करणारा, एक लक्षात ठेवणारा, एक बाहेरच्या जगाशी बोलणारा, असे. सगळे काटकोनी. ते नखाएवढ्या जागेत असे बसवायचे की मेली जागा कमीत कमी उरावी आणि एकमेकांना जोडणाऱ्या तारा आखूड व्हाव्यात. ह्याला फ्लोअरप्लॅनिंग म्हणतात. तुकडे पाच असले तर माणूस हाताने लावेल. पन्नास झाले की ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. मग ते कंप्युटरकडून करून घ्यायची रीत शोधावी लागते. सिंधू त्या रीतीच्या मागे होती.

वर्गात ती फळ्याला हातच लावायची नाही. पिशवीतून पुठ्ठ्याचे चौकोन काढून मुलांच्या बाकांवर ओतायची आणि म्हणायची, "बसवा." पोरं झटापट करायची. ही मधून फिरत गुजरातीत बजावायची, "जे बहु वात करे एने बाजुमां बेसाडो!" जे तुकडे एकमेकांशी जास्त बोलतात त्यांना शेजारी ठेवा, नाहीतर तारा लांबतील.

मग कंप्युटर हे कसं करतो ते सांगायची. तो तुकड्यांची अदलाबदल करत राहतो. सुरुवातीला अदलाबदलीने मांडणी बिघडली तरी चालवून घ्यायचं. हळूहळू हे चालवून घेणं कमी करत न्यायचं आणि शेवटी फक्त सुधारणाच घ्यायची. लोखंड तापवून सावकाश निववतात, त्यावरून ही रीत निघाली. कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, एकदम गार केलं तर?"

"अडकतं. आहे तिथंच, वाईट जागी. म्हणून सावकाश निववायचं."

मला ती वेगळ्या संदर्भात हेच सांगायची. "अलका, राग आला की तू लगेच बोलून मोकळी होतेस. मग तो गार होतो आणि समोरचा आहे तिथंच राहतो. राग निववायला शिक. सावकाश." ती हे बोलायची तेव्हा मला गंमत वाटायची. सबनीसच्या प्रकरणात मला त्यातलं सगळं कळलं.

सबनीस आमचा विभागप्रमुख. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचे. आता निवृत्त झालेय, अरेतुरे करते आणि मजेत करते. गोरागोमटा, शुद्ध मराठी, बोटात पुष्कराज. रागाच्या भरात सिंधूच्या तोंडून एखादा अहिराणी शब्द निघाला की हा हसायचा, "बाई, भुसावळ आलं वाटतं!" एकदा त्या हसण्यात मीही सामील झाले होते. सिंधूने महिनाभर माझ्याशी फक्त वेळापत्रकापुरतं बोलणं ठेवलं. योग्यच केलं.

हाच सबनीस तिचा डॉक्टरेटचा गाइड होता. काम सगळं तिचं. त्या कामाचा पाया होता तिच्या आईच्या कारखान्यातलं कटिंग मशीन. त्या मशीनचं पातं पुठ्ठ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, मध्ये थांबत नाही. आरपार काप. पुठ्ठ्याचे दोन तुकडे होतात, त्यातला एक घेऊन पुन्हा आरपार कापायचा, पुन्हा कापायचा. चिपची मांडणीही अशाच आरपार कापांनी मांडता येते, ही कल्पना जगात आधीपासून होती. सिंधूने तिच्यात स्वतःची भर घातली. खूप बोलणाऱ्या तुकड्यांच्या जोड्या आधीच बांधून टाकायच्या, म्हणजे कंप्युटरच्या अदलाबदली निम्म्याहून कमी होतात. आमच्या रखडत चालणाऱ्या कंप्युटरवर दोन दिवस लागणारं काम तिने एका दुपारवर आणून ठेवलं. त्याला तिची चार वर्षं गेली.

ते सगळं लिहून झालं तेव्हा सबनीस म्हणाला, बंगळूरला परिषद आहे, निबंध पाठवू या, तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं. विभागाचा प्रिंटर बिघडला होता. मग हिनेच आमच्या खोलीतल्या टाइपरायटरवर आठ दिवस बसून तो निबंध टाइप केला. एका दुपारी सबनीस बडोद्याच्या दोन पाहुण्यांना घेऊन आमच्या खोलीत आला. मागोमाग आमचे शिपाई, ठाकोरभाई, चहा घेऊन आले. त्यांनी पाहुण्यांना दिला, साहेबांना दिला, मला दिला, आणि सिंधूच्या पुढे ग्लास धरला. सबनीस म्हणाला, "त्यांना नको. त्यांचे हात गुंतलेत." ठाकोरभाई ग्लास घेऊन परत गेले. मी माझा चहा प्यायले. माझ्या काही लक्षातही आलं नाही.

निबंध गेला, सबनीस बंगळूरला जाऊन आला, आणि परिषदेचं जाडजूड पुस्तक हिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. हिने पान उघडलं. वर एकच नाव, सबनीसचं. पहिलं आणि शेवटचं पान त्याने बाहेरून नव्याने टाइप करून घेतलं होतं. हिने शेवटचं पान उलटलं. तिथे बारीक अक्षरांत होतं: टंकलेखनासाठी श्रीमती एस. बोरसे यांचे आभार.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्याच्या तोंडावर फेक!" तिचे ओठ पांढरे पडले होते. मग ती प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, पुरावा काय? आणि गाइडचा हक्क असतोच थोडाफार. पुढच्या आठवड्यात सबनीसने वर मीठ चोळलं. म्हणाला, "बाई, हे काम तर आता छापून आलं. त्यावर तुम्हाला डॉक्टरेट कशी मिळणार? नवा विषय घ्या." चोर तो चोर, वर शिरजोर! चार वर्षं गेली, नाव गेलं, आणि स्वतःच्याच कामावर पदवी मागायची तर आता हीच चोर ठरणार. प्राचार्यांनी मलाही बोलावून विचारलं होतं. मी म्हणाले, मला त्या विषयातलं फारसं कळत नाही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

त्यानंतर सिंधू गोड झाली. इतकी की मला भीती वाटायला लागली. सबनीसची व्याख्यानं तयार करून दे, त्याच्या मुलीचा गणिताचा पेपर समजावून दे. तो सगळ्यांना सांगायचा, "बोरसेबाई समजूतदार आहेत." मी एकदा चिडून विचारलं, "तुला काहीच वाटत नाही का गं?" ती म्हणाली, "निववतेय."

आणि मग तिला तिच्या कामात एक चूक सापडली. तिची स्वतःची चूक.

त्या रविवारी मी तिच्या घरी होते. तिची आई खाली बसून गोधडीसाठी साड्यांचे नमुन्याचे तुकडे मांडत होती. चार लांबट तुकडे एकाच मापाचे, आणि मधे एक बारका चौकोन. चारही तुकडे त्या चौकोनाभोवती फिरते लावलेले, एक आडवा, एक उभा, एक आडवा, एक उभा. सगळं मिळून नेमका चौरस. सिंधू बोलता बोलता थांबली. उठून आईच्या शेजारी मांडी घालून बसली. बोटाने त्या मांडणीवर एक रेघ ओढून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी.

"हे मशीनवर कापता येईल का, माय?"

आई मान वर न करता म्हणाली, "मशीनले नही जमाव. ते मझार थांबस का? हात थांबस." मशीन मध्ये थांबत नाही, हात थांबतो.

सिंधूने निबंधात एक वाक्य लिहिलं होतं. कोणतीही घट्ट मांडणी आरपार कापांनी मिळवता येते; जी अशा कापांनी बसत नाही ती बसूच शकत नाही. तिला ते इतकं उघड वाटलं होतं की तपासायचंही सुचलं नव्हतं. कसं सुचेल? लहानपणापासून तिने पुठ्ठा कापताना पाहिला तो त्या मशीनवरच. बाहेरच्या जगात ही फिरती मांडणी माहीत होती, पण आमच्या ग्रंथालयात परदेशी मासिकं यायची कधीच बंद झाली होती. आणि सबनीसने चोरलं ते सगळं चोरलं. चुकीसकट.

मला वाटलं तिला रडू येईल. ती उठली, पिशवीतला पुठ्ठा काढला आणि कापायला बसली. दोन बाय तीनचे चार पत्ते, एक बाय एकचा एक. मग पाच बाय पाचची एक उथळ पेटी. ज्याला खरं वाटत नाही त्याने घरी करून पाहावं. पाचही पत्ते त्या पेटीत तंतोतंत बसतात, तिळाएवढी मेली जागा उरत नाही. पण कुठूनही आरपार कापायला जा, एखादा पत्ता चिरतोच. तिने तिच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ते सगळं ठेवलं आणि कुलूप लावलं.

"आता सांग जाऊन सगळ्यांना!" मी म्हटलं.

"एवढ्यात? आत्ता सांगितलं तर तो म्हणेल, बाईंचीच चूक होती. आधी ती चूक त्याला स्वतःची म्हणू दे. मोठ्याने, चारचौघांत."

वर्षभर थांबली ती. मग सबनीसच्या बढतीचा दिवस आला. त्याला प्राध्यापक करायचं की नाही ते ठरवायला समिती येणार होती, आणि तिच्यापुढे त्याने आपल्या संशोधनावर व्याख्यान द्यायचं होतं. समितीत बंगळूरचे एक पाहुणे होते, पिकल्या केसांचे. ते स्वतः एका कंपनीत चिपा बनवायचे आणि त्या परिषदेच्या मंडळावरही होते. सबनीसने व्याख्यान झोकात दिलं. सिंधूचं काम होतं ते, वाईट कसं वाटेल? शेवटी त्याने प्रश्न मागवले आणि सिंधू उठली.

"सर, चार तुकडे दोन बाय तीनचे, एक तुकडा एक बाय एकचा. पाच बाय पाचच्या जागेत बसतील का?"

सबनीसला वाटलं, बाई आपल्याला सोपा चेंडू टाकतायत. त्याने ठाकोरभाईंना पडदा नीट करायला लावला, आकडे भरले, कंप्युटर चालू केला. सगळे चहा पीत वाट बघत होते. पडद्यावर उत्तर आलं: बसत नाही.

"नक्की, सर?" सिंधूने विचारलं.

"नक्की म्हणजे काय? माझ्या निबंधात पाचव्या पानावर आहे," असं म्हणून त्याने ते वाक्य खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वर म्हणाला, हे माझ्या कामाचं सार आहे. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. सिंधूने पिशवीतून ती पुठ्ठ्याची पेटी काढली, पाच पत्ते काढले आणि पाहुण्यांच्या पुढे ठेवले. ते आधी पेटीकडे, मग तिच्याकडे पाहून हसले. अर्ध्या मिनिटात त्यांनी चार पत्ते फिरते लावले, मधल्या भोकात बारका चौकोन दाबला आणि पेटी सभागृहाकडे वळवून धरली.

सबनीसचा चेहरा पाहायला मी जागेवरून उठून उभी राहिले होते. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

तो म्हणाला, ती टायपिंगची चूक असेल. पाहुणे म्हणाले, एक अख्खं विधान टायपिंगची चूक कसं असेल, आणि तुमचा कंप्युटरही तेच म्हणतोय. तेव्हा सबनीसचा तोल गेला. इंग्रजी सुटलं आणि तो मराठीत ओरडला, "ते वाक्य माझं नाहीच! बोरसेबाईंचं आहे ते! त्यांच्याच डोक्यातलं आहे!"

सिंधू शांतपणे म्हणाली, "हो, माझंच आहे. चूक माझी आहे. मग साहेब, त्या वाक्याच्या मागची पाच पानं कुणाची?"

बंगळूरच्या पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. ते इकडेतिकडे पाहायला लागले. मी उभीच होते. मी दोघांचा शब्दन् शब्द इंग्रजीत करून त्यांना सांगितला, सबनीसच्या ओरडण्यासकट. ह्या सगळ्यात माझा वाटा एवढाच, आणि तो वर्षभर उशिराचा.

नंतर लोक म्हणाले, बोरसेबेनने स्वतःची चूक अशी चव्हाट्यावर मांडायला नको होती. म्हणोत. खुर्चीवर चोर बसला असेल तर खुर्चीचा पाय मोडावा लागतो, मग ती आपणच घडवलेली का असेना.

परिषदेकडून पत्र आलं: काम कुणाचं ते सबनीसने लिहून, सही करून कळवावं, म्हणजे दुरुस्ती छापता येईल. तोवर बढतीची फाइल थांबली. आणि एका शनिवारी, अर्ध्या दिवसाने कॉलेज सुटल्यावर, सबनीस आमच्या खोलीत आला. हातात कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद. पत्र इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतेय. लेखक दोन, पहिलं नाव बोरसे, दुसरं सबनीस. एक नाव राहून गेलं ते अनवधानाने.

सिंधूने दोनदा वाचलं. "टायपिंग कुणी केलं, साहेब?"

"मीच. क्लार्कला कशाला ह्यात आणायचं?"

"छान झालंय. फक्त एक नाव जास्त झालंय."

तो बसला. समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. मुलीच्या लग्नाचंही काढलं. शेवटी म्हणाला, "बरं. माझं नाव काढतो. पण 'अनवधानाने' हा शब्द तरी राहू द्या, बाई. मला ह्याच गावात राहायचंय."

"राहू द्या," सिंधू म्हणाली. मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. "शब्द राहू द्या. फक्त खाली एक ओळ घाला. मी सांगते, तुम्ही लिहा. आणि खाडाखोड नको, नवा कागद घ्या. नाहीतर मी माझं वेगळं पत्र पाठवते."

तो टाइपरायटर तोच होता. सबनीसने नवा कागद चढवला. दोन बोटांनी टाइप करायचा तो. पुष्कराजाची अंगठी सारखी कळांना अडकायची. लेखक एकच, एस. बोरसे. पाचव्या पानावरचं विधान चुकीचं आहे, ती चूकही बोरसे यांचीच, दुरुस्ती सोबत जोडली आहे. हे तिने स्वतः घालायला लावलं. मग ती थांबली, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आता खाली, बारीक. टंकलेखनासाठी आभार. पुढे तुमचं नाव."

यंत्राचा आवाज थांबला. मग टक, टक, टक, एकेक अक्षर.

पुढे त्या दुरुस्तीवर तिला डॉक्टरेट मिळाली. ती फिरती मांडणी तिने आपल्या पद्धतीत बसवली आणि बंगळूरला त्याच पाहुण्यांच्या कंपनीत गेली. आईलाही घेऊन गेली. मी तिला स्टेशनवर पोचवायला गेले होते, पण ते काही मला आठवत नाही. मला ती आठवते त्या शनिवारी दुपारी, हनुवटी तळव्यावर टेकवून बसलेली. सबनीसने टाइप करून दिलेला कागद तिने उजेडाला धरून वाचला, एका ठिकाणी बोट ठेवलं, आणि म्हणाली, "इथे अक्षर उडालंय, साहेब. परत."

त्याने तिसरा कागद चढवला. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "निवला का गं राग?"

"कोमट आहे अजून."

तेवढ्यात दाराशी ठाकोरभाई आले. साहेब शनिवारी बसलेत म्हणून ते थांबले होते. त्यांनी विचारलं, "बेन, चा मूकूं? त्रण?" चहा ठेवू का, तीन?

सिंधूने सबनीसच्या बोटांकडे पाहिलं.

"बेज, ठाकोरभाई," ती म्हणाली. दोनच. आणि मग मराठीत, त्याला ऐकू जाईल असं, "साहेबांना नको. त्यांचे हात गुंतलेत."